शेपूट

युटलंडच्या पश्चिमेला, ओडरूप गावात,
बंद पडलेल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे
आम्ही जमिनीत चाळीस किलो ब्रोमाइड ओतलं,
मीठच म्हणा हवं तर,
आणि उताराच्या अंगाला चोवीस नळ्या रोवून
वाट बघत बसलो.

सिद्धांत सोपा होता.
पाणी दोन कणांमधल्या फटीत शिरतं, पुढे खडा,
मग डावीकडे की उजवीकडे
हे नाणं उडवून ठरतं असं धरायचं.
लाखभर नाणी उडवली की कागदावर एक डौलदार टेकडी उठते
आणि तिचा माथा चालत तुमच्या दारी येतो
नव्वदाव्या दिवशी.

आस्गर क्वोर्निंगची जुनी विहीर सगळ्यात खाली.
कुंपणावर कोपर टेकून तो विचारायचा, कधी?
मी म्हणाले, सरासरी नव्वद दिवस.
सरासरी पाणी पीत नाही, बाई, तो म्हणाला,
माणसं पितात.

एकतिसाव्या दिवशीच आलं त्याच्या विहिरीत.
खाली कुठेतरी हिमयुगातली जाड वाळूची एक शीर,
कुठल्याच नकाशात नसलेली.
नव्वदाव्या दिवशी माथाबिथा काही नाही.
दोनशे. पाचशे.
सिडसेल बाटल्या भरत राहिली,
दर बाटलीत थोडंसं,
संपत आल्यासारखं, पण न संपणारं.

काही पाणी चिकणमातीत शिरलं होतं आणि तिथेच मुरलं.
माझ्या समीकरणात मुरायला जागाच नव्हती,
तिथे प्रत्येकानं पुढचं पाऊल टाकायचंच.
मग बसले थांब्यांचा हिशेब मांडायला:
कुणी क्षणभर, कुणी वर्षभर,
आणि मोजके असे हट्टी
की त्यांच्यापायी थांबण्याची सरासरीच निघेना,
बेरीज अनंताकडे पळते.

सातशे बाराव्या दिवशी, नोव्हेंबरात,
आस्गर कुंपण ओलांडून आत आला.
टोपी काढली, परत घातली.
दुकान माझ्या सासऱ्याचं, तो म्हणाला,
पण चौऱ्याहत्तर साली पिंपं मी रिकामी केली. इथेच.
वाटलं, वाळू गाळून घेईल.
मग बराच वेळ काही नाही.
मग: बोदिलची कॉफी याच विहिरीची असायची.

सिडसेलनं पंप बंद केला.
मला काही सुचेना, म्हणून वहीत लिहिलं:
नळी क्रमांक चोवीस, दुपारचे तीन दहा,
पाणी आठ अंश, स्वच्छ, वास नाही.