पळस, दहा वेळा

दुसरीच्या फळ्यावर मी लिहिलं होतं: पळस.
दहा वेळा उतरवा.
अंशुल कुळमेथेची पेन्सिल पडली.
उचलली, पुन्हा पडली.
तिसऱ्यांदा मी ओरडलो,
हात आहे की काय आहे तुझा?

प्रश्न बरोबर होता.
विचारायची रीत तेवढी चुकली.

तो हसायला गेला माझ्याकडे बघून
आणि तोंडाची डावी बाजूच हसली.
उजवी पडून राहिली
बांधीतल्या ओल्या कडप्यासारखी.

रविना धान कापत होती, विळा कमरेला तसाच घेऊन धावली.
कालबी असंच झालं होतं जी,
थंड पाण्यानं अंग धुतल्यावर.
चूल पेटेस्तोवर बरा झाला.
शेजारीण म्हणे बाहेरचं हाय. लिंबू उतरवला.
यश लिंबाला गेलं.

मोटारसायकलवर तिघं.
अंशुलचा पाय सारखा घसरायचा,
मागून रविनानं तो आपल्या पायानं दाबून धरलेला.
गाढवीच्या पुलावर त्यानं माझा सदरा पकडला.
दोन्ही हातांनी.

दवाखान्यात तर तो वजनकाट्याकडे पळतच गेला.
डॉक्टरीणबाई विचारत राहिल्या:
आधी झटका आला? दात खिळले? ताप?
डोकं दुखून उजेड नको म्हणाला?
झाडावरून वगैरे पडला?
नाही. नाही. माहीत नाही.
दाखवायला काय होतं आमच्याकडे,
एक धडधाकट पोर.

मग आठवली वही.
चार पळस रेघेवर.
पाचव्याचा स खाली उतरायला लागलेला.
सहावा नुसता प,
आणि पुढे ओरखडा, पानाच्या कडेपर्यंत.

बाईंनी ओरखड्यावर बोट ठेवलं.
थंडीत हातपाय दुखतात का याचे?
दुखते म्हणते. वाढीचं असन.
घरात कुणाला सिकलसेल?
रविना गप्प. तपासलंच नव्हतं कुणी.
रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बाई म्हणाल्या,
मेंदूच्या नळीत अडकतात, कधी सुटतात.
तपासून घेऊ. पण सुटलं म्हणजे गेलं, असं धरू नका.
रविनाचा हात कमरेला गेला.
विळा शाळेच्या पायरीवर राहिला होता.

अंशुल आता महिन्याला रक्त घ्यायला जातो,
परत येऊन खाडे मोजतो.

आणि वर्गात कुणाचीही पेन्सिल पडली
की मी घड्याळ बघतो,
म्हणतो, हस बरं. दोन्ही हात वर कर.
पोरं खिदळतात.
त्यांना वाटतं, सरांना हसलेलं आवडतं.