फिलिप्सचे वॉल्व्ह

मडगावात, जुन्या बाजाराच्या मागे, माझं दुकान.
चौसष्ट साली लिगोर फुर्ताद तिथे आला,
तारवटीचा जाड कोट अंगात, तोही मे महिन्यात,
आणि म्हणाला, सगुण, हिचा आवाज मोठा कर.
ही म्हणजे हांबुर्गला घेतलेली गिटार.
एका खुंटीच्या जागी बोटीवरचा बोल्ट.

तोवर मी फक्त रेडिओ दुरुस्त करायचो.
फिलिप्सचा एक मेलेला पडून होता,
कुणी पोर्तुगीज कारकून घाईत जाताना
उधारीपोटी सोडून गेलेला.
त्याचे वॉल्व्ह काढले, फणसाच्या फळीची पेटी केली.
लिगोर काच उन्हात धरून हसला:
हॉलंडची! अरे, तिथेच तर लागलं हे वेड.

रॉटरडॅमचा धक्का. जहाज तीन दिवस अडकलेलं.
गुत्त्यात एक काडीपैलवान पोरगा
रॉक अँड रोल गात होता, पण इंग्रजीत नाही,
घसा खाकरल्यासारख्या आपल्याच भाषेत.
लिगोरला एक अक्षर कळलं नाही.
पण फरशी पुसणारी एक म्हातारी
मधल्याच कुठल्याशा ओळीला
कंबर धरून हसली.
‘इंग्लीश गाण्याक आमचे म्हातारे कोण हांसतात, सांग?’
बाकीच्या तारवट्यांनी घड्याळं आणली.
यानं ते हसू आणलं.

पहिलं गाणं पोदेराच्या सायकलवर.
ब्रेक नाही, घंटी नाही, रस्ता सगळा उताराचा,
पाव आधी पोचतो, पोदेर मागून.
आसोळण्याच्या फेस्ताला, ट्रकच्या बॅटरीवर,
माझी पेटी आधी गुणगुणली, मग भुंकली,
मग एकदम गायली.
मेस्तानं कान झाकले. सूर त्यानंच शिकवले होते.
पाद्री उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.
तिसऱ्या बाकावर लिगोरची आई, इझाल्दिना,
सुंगटांचा वास अजून बोटांना,
‘पाव आधी’ ऐकलं आणि
शेजारणीच्या मांडीवर कोसळली हसून.
मी बॅटरीपाशी बसलो होतो. मी पाहिलंय.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच.
मुंबईत एक तबकडी निघाली, तिच्यावर नाव ‘लिगर’.
कंपनीचा माणूस म्हणाला, हिंदीत कर, निदान इंग्रजीत.
हा म्हणाला, मग आई गंभीर बसेल.
तीनशे विकल्या. उरलेल्या आगबोटीनं परत आल्या.
काही माझ्या माळ्यावर आहेत, उन्हानं वाकून
मातीच्या झाकण्यांसारख्या झालेल्या.

मग कोलव्याची हॉटेलं, फुलाफुलांचा शर्ट,
पाहुणे मागतील ते, दुसऱ्यांचं.
अकरा वर्षं.
इझाल्दिना गेली तेव्हा तो वाजवत होता.
मीच निरोप घेऊन गेलो, स्वयंपाकघराच्या दारानं.
त्यानं मान हलवली आणि उरलेली चार गाणी
हसऱ्या चेहऱ्यानं संपवली.
पगार रात्रीचा होता, अर्ध्या रात्रीचा नव्हता.

आता पणजीहून पोरं येतात, फोन त्याच्या तोंडापुढे धरतात:
आमच्या भाषेतलं पहिलं रॉक अँड रोल तुमचंच ना?
पहिला तो, लिगोर म्हणतो, रॉटरडॅमचा.
नाव काय त्याचं?
नाव कुणी विचारलं? आमची बोट सुटत होती.
पोरं हिरमुसतात. काजूची फेणी पितात. जातात.

त्याचा डावा कान पार गेलाय.
पेटी कायम त्याच बाजूला असायची,
आणि आवाज मोठा मीच केला होता.
रविवारी बलकावावर मी मुद्दाम डावीकडे बसतो,
आणि साल नदीकडे बघत, रोजच्या आवाजात,
माफी मागतो.
कितें म्हळें? तो विचारतो.
पाव आले म्हणतोय, मी म्हणतो.
आणि पोदेर?
मागून.