तीन मिलिमीटर

राळेगावच्या पुढं, जिनिंगच्या केबिनला
दार बसवतोय. खाली लोखंड, वर काच.
बसल्या जागेवरून हॉल दिसला पाहिजे,
शेठचं म्हणणं.
रुई उडतेय भुवयांवर, चहाच्या बशीत,
माझ्या टेपच्या आकड्यांवरही.

काच आणि चौकटीच्या मध्ये
तीन मिलिमीटर सोडावे लागतात.
मे महिन्यात काचही अंग पसरते,
जागा मागते.
त्या जागेत काय भरायचं
यावर सकाळपासून वाद.

"साधं रबर लाव ना बावा, कोन पाहून रायलं!"
खरंय. कोणी पाहत नाही.
ही काळी पट्टी नागपूरवरून येते, तिप्पट भावानं,
आणि काम काय, तर काहीच नाही.
बीडिंगच्या मागं वर्षानुवर्षं पडून राहायचं.

मग इस्तारीनं बोटभर तुकडा कापला,
पकडीत धरून लायटर लावलं.
आधी गप्प.
मग एकदम फुगली, भुसभुशीत, दहापट,
जागा मिळेल तिकडे.
रुईतला कचरा वेचणाऱ्या बाया हसल्या.
"हे तं कुरडईच हाय माय!" देवका म्हणाली.
"खाऊन पाय मंग," इस्तारी.

मी हसलो नाही.
सहा वर्षांमागं एका गोदामाला
मी रबरच लावलं होतं.
गाठीच्या पोटात ठिणगी राहून गेली,
दोन दिवस धुमसत, कुणाला वासही नाही.
तिसऱ्या रात्री पेटली.
काच शेवटपर्यंत उभी होती, तडा नाही.
रबर चौकटीवरून ओघळलं
आणि तेवढ्याच वाटेनं धूर आत आला,
दाराखालून पोस्टकार्ड सरकवावं तसा.
आत मापाडी डोमाजी झोपलेला.

वाचला. म्हणजे चालतो, बोलतो,
फक्त एका वाक्यात दोनदा थांबतो, श्वासासाठी.
पोळ्याच्या बाजारात भेटतो दरवर्षी.
"काच बेस होती... तुही," म्हणतो.

काच कारखान्याची होती.
फट माझी होती.

म्हणून पट्टी ताणत नाही मी कोपऱ्यात.
ताणलेली महिन्याभरात आखडते,
आणि आगीला नखाएवढी जागा पुरते.
अंगठ्यानं दाबत जातो, वीत वीत.

शेठ बिलावर बोट ठेवून उभा.
"अन् कधी आग लागलीच नाई तं?"

काचेच्या पलीकडे देवका
लुगड्यावरची रुई झटकत होती.

"तं पैसे वाया गेले, शेठ," मी म्हटलं,
"देवाच्या कृपेनं."