उजवा कौल

आई फोनवर विचारते, झाडांचाच ना गं तुझा अभ्यास?
नाही आई. झाडांशी माणसं कशी वागतात, त्याचा.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणते, ते बघायला पगार देतात?

देतात. अकरा महिन्यांचा.
त्यात भाड्याची स्कूटर, छत्तीस प्रश्न,
आणि शिरवणे-सड्यावरची एकशे चाळीस घरं,
त्यातली साठ बंद, कुलपांना खारा गंज.

प्रश्न सातवा :
रानाचं तुमच्या आयुष्यातलं महत्त्व
एक ते पाच या पट्टीवर सांगा.
द्वारकाबाय मेस्तरीण रातांबे फोडत बसलेली,
हात कोपरापर्यंत लाल.
"पाच म्हणजे?"
खूप.
"आणि एक म्हणजे?"
अजिबात नाही.
तिने साल उन्हात टाकली, बी टोपलीत.
"शेवळा गावली तर पाच.
जनावर गावला तर एक.
लिव तुका होया ता."
मी तीन लिहिलं.

राईत जायचं तर गुरव वाटेवर उभा.
"देवाक इचारलंस?"
मी संमतीपत्र काढलं,
खाली नैतिकता समितीचा गोल शिक्का.
त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं,
देवापुढे ठेवलं, उडू नये म्हणून वर नारळ.
मग ओल्या पाषाणाला दोन कळ्या चिकटवल्या
आणि आम्ही बसलो.
बराच वेळ. मुंग्या माझ्या चपलेवरून गेल्या.
डावी कळी पडली.
"आज नाय."

डायरीत नोंद : भेट पहिली, प्रवेश नाकारला.
'कारण' हा रकाना कोराच राहिला.

दहा दिवसांनी उजवी पडली, आत गेले.
आत इतका गारवा की आवाज आपोआप खाली येतो.
ऐन, किंजळ, सातवीण,
वेलींचे दोर हातभर जाड,
आणि त्यांच्या मधोमध
ऐनाचा एक बुंधा, ताटासारखा सपाट,
भोवती भुसा, अजून लालसर.

कुणी तोडला?
"वाऱ्यान पडलो," गुरव म्हणाला.
"वाऱ्यान," सरपंच म्हणाले, पोस्टमन म्हणाला.
वाऱ्याने पडलेलं झाड इतकं सपाट?
"आमचो वारो तसोच."

उत्तरदाता क्रमांक तेवीस
(नाव मला माहीत आहे, ते माझ्याजवळच राहील)
संध्याकाळी स्कूटरपर्यंत पोचवायला आला.
आरसा पुसला. हवा बघितली.
मग चाकाकडे बघतच बोलला :
पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, चाळीस हजार कमी पडत होते.
"देवाक इचारलंय मिया.
पैल्यांदा डावो. दुसऱ्यांदा डावो.
तिसऱ्यांदा पडलो उजवो."
दूर खाडीत कुणाची तरी होडी फटफटत गेली.
"ता लिव नको हां, बाय."

पुण्यात अय्यर मॅडम तक्ता खालवर करतात.
एकोणिसावा प्रश्न नीट विचारला नाहीस तू.
श्रद्धा आणि तोड यांचा संबंध उलटा यायला हवा.
शब्द बदल, परत विचार.
मी शब्द बदलले, परत विचारला.
आला नाही.
पुन्हा बदलले. पुन्हा सडा, पुन्हा तीच कुत्री,
पुन्हा द्वारकाबाय : "गे, परत इलंस?"
तिसऱ्यांदा आला.
तक्ता सुंदर दिसतो आता.
मॅडमनी शेजारी हिरवी खूण केली
आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेविसाव्याच्या रकान्यात
मी 'माहीत नाही' लिहिलं आहे.
नोकरीत शिकलेलं हे पहिलं खोटं,
कदाचित पहिलं काम.

निघायच्या आदल्या दिवशी, न विचारता,
राईच्या कडेने बुंध्यापर्यंत गेले.
भोवती शेरणीच्या काट्यांचा कूड घातलेला,
बकऱ्यांनी तोंड घालू नये म्हणून.
सुंभाची गाठ नवी होती.
आत एक तांब्या, तळाशी पाणी.
सालीतून फुटवे आलेले.
वाकून मोजले : सात.

छत्तीस प्रश्नांत हे कुठेच बसत नाही.
प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
फक्त आकडा लिहून ठेवला आहे.