नऊ तास

ती पेटी जरा खाली ठेव.
आकडा यायचा तो येईल.
आधी बूट सांभाळ. माती कोरडी दिसते,
पण तेल आहे तिच्यात, पुसत बसशील लागोसला जाईपर्यंत.

ही आग माझ्या लग्नाच्या आधीची.
सासू नवरी होऊन आली तेव्हा इथे
कोनफळाचं शेत होतं, पलीकडे खाडीचं पाणी.
मग नळ्या आल्या, पिवळ्या टोप्यांची माणसं आली,
आणि तेलाबरोबर जो वायू वर येतो
तो ठेवायला जागा नाही म्हणून
त्यांनी त्याला काडी लावली.
काडी लावली आणि विसरून गेले.
घरात कुणी असं केलं असतं
तर सासूने उलथनं फेकून मारलं असतं.

बेचाळीस वर्षं झाली त्याला.

इथे रात्र पडत नाही.
कोंबडा वाटेल तेव्हा आरवतो, त्याचं तरी काय चुकलं?
काजवे होते म्हणे.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात,
आमच्या वाट्याला तेवढाही नाही.
आणि घरात वीज नाही, हे लिहिलंस का?
स्वयंपाक लाकडावर. तेही ओल्या.
दर तिसऱ्या वर्षी पावसाने पत्र्यांची चाळण होते.

आता खरं सांगते, लिही किंवा नको लिहू.
आम्ही हिच्यावरच जगतो.
कसावा सोलायचा, किसायचा, गोणीत घालून दगडाखाली दाबायचा,
मुठीएवढे गोळे करून
बांधाच्या आतल्या अंगाला मांडायचे.
उन्हाला तीन दिवस लागतात, हिला एक सकाळ.
जागा ठरलेल्या आहेत. एदिरिनची तिच्या आईकडून आलेली,
खोकलाही तिच्याकडूनच.
भुवया बघ आमच्या. कुणालाच नाहीत.

मागच्या वर्षी कुठलीशी कळ बिघडली
आणि ती विझली.
आधी आवाज थांबला.
तो आवाज होता, हे तेव्हा कळलं.
मग काळोख आला, अख्खा, दारापर्यंत.
ओनोमे, माझी नात, सहा वर्षांची,
मांडीला बिलगून विचारते,
आजी, आपले डोळे गेले का?

म्हातारा उमुकोरो काठी टेकत बाहेर आला.
मान वर केली आणि एकेका चांदणीला
नावाने हाक मारायला लागला,
चुकलेली गुरं माघारी आल्यावर मारतात तशी.
दोन नावं त्याला आठवेनात.
ती आता कुणालाच माहीत नाहीत.
कुठेतरी एक बेडूक ओरडला. एकच. बिचकत.

आणि मी?
मी गोळे मोजत होते.
चारशे दहा, ओलेचिंब, उजाडलं की उघेल्लीच्या बाजाराला निघायचे.
आंबणार सगळे.
एदिरिन सारखी विचारत होती,
अजून नाही का गं? अजून नाही?
डोक्यावर एवढं आभाळ उघडलेलं
आणि आम्ही दोघी बांधावर
तोंडं पाडून.

पहाटे ती भक्कन पेटली.
बायका हसल्या. मीही हसले.
ओनोमे टाळ्या पिटत घरात पळाली
आणि लख्ख उजेडात गाढ झोपली.
उमुकोरो मात्र तिथेच,
मान अजून वर,
एक हाक अर्धी तोंडात.

मोज तू, मोज.
किती जातो, वर जाऊन काय करतो,
कुठला बर्फ वितळवतो.
बर्फ मी मासळीच्या खोक्यातच पाहिलाय,
तोही दुपारपर्यंतचा.
पण तुझ्या कागदाच्या तळाला एखादी ओळ रिकामी असेल
तर ते नऊ तास टाक.
आणि आमचं हसणं.
ते कुणाच्या नावावर घालायचं
मला अजून ठरवता आलेलं नाही.

चल, ऊठ.
वारा फिरला की तिची जीभ
या बाजूला येते.