चौदावी खुर्ची

चेल्टनहॅम, सन एकोणीसशे आठ, नोव्हेंबरातला गुरुवार.
आठाला पाऊण तास असताना तार आली:
मेजर स्टॅकपूल यांचा अंगठा सुजला आहे, क्षमस्व.

टेबलावर उरले तेरा.

आमच्या लेडी पेनिफोल्ड देव मानायच्या
रविवारी, अकरा ते साडेबारा;
तेराचा आकडा मात्र आठवडाभर.
"तेरांत जो आधी उठतो, तो वर्षाच्या आत जातो,"
असं म्हणून त्यांनी यादीवरून बोट फिरवलं,
कोण गेलं तर चालेल, हे बघितल्यासारखं.

हॉलमधल्या उंच घड्याळाच्या पोटात
डोकं खुपसून उभा होता जॅबेझ क्रॉली,
घड्याळजी. दर गुरुवारी चावी द्यायला येई.
त्याला शिडीवरून उतरवला,
हात धुववले (पाणी मीच ओतलं),
कैलासवासी सर ह्यूबर्टांचा कोट चढवला,
बाह्या दोन इंच लांब, डांबरगोळ्यांचा वास फुकट.
"तुम्ही नॉर्दम्बरलंडचे जमीनदार.
कुणी काही विचारलं तर म्हणा, फार ओलावा.
एरवी तोंड घासापुरतं उघडा."

सूप माझ्या हातात होतं,
म्हणून सांगते ते ऐकीव नाही.

क्रॉली माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही.
सवयीने बघतो मनगट, गळा, बोट, खिसा.
कर्नल थ्रॉकलींच्या वास्कुटावर त्याची नजर थांबली.
साखळी झळकत होती, पण टोकाला
आजोबांचं घड्याळ नव्हतं, बटण होतं.
घड्याळ मे महिन्यापासून क्रॉलीच्या खणात.
मग नजर गेली मिसेस विंट्रिंगहॅमांच्या गळ्यावर.
त्या तेव्हा नाकाने कांदे सोलत होत्या
हल्लीच्या नकली श्रीमंतांच्या नावाने.
त्यांचे पाचू याच माणसाच्या चिमट्याने निघाले होते,
काचा याच माणसाने बसवल्या होत्या.
आणि आर्चडीकन पॉमफ्रे?
त्यांनी नुसतं त्याला पाहिलं
आणि अनाथांसाठी जमलेली चांदीची किटली
ज्या घोड्यावर लागली होती, त्या घोड्याला मनात शाप दिला.

"तुमच्याकडे... यंदा... कसं काय?" कर्नलांनी विचारलं.
"फार ओलावा," क्रॉली म्हणाला.

काटे खाली ठेवल्याचे आवाज आले.
कर्नलांना ऐकू आला गंज.
विंट्रिंगहॅमबाईंना सुटणारा डिंक.
आर्चडीकनांना काय ऐकू आलं ते देव जाणे,
पण त्यांनी पोर्ट वाइनची बाटली उलट्या दिशेने फिरवली,
जे त्या घरात खुनापेक्षा वाईट.

पुडिंग येईतो क्रॉलीला
शिकारीची तीन आमंत्रणं होती,
एका क्लबाचं सदस्यत्व
आणि विंट्रिंगहॅमबाईंची भाची, जवळजवळ.
मग तो सगळ्यांच्या आधी उठला,
घड्याळाची चावी अर्धीच राहिली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानासमोर
बड्या घरच्या नोकरांची रांग.
वर्षांच्या बाक्या फिटल्या, शिवाय वर नमस्कार.
आमच्या बाईंनी तेवढे पैसे पाठवले नाहीत,
निमंत्रण पाठवलं:
पुढच्या गुरुवारी यावं, बाह्या आखूड केल्या आहेत.

उत्तर मीच आणलं. कागद तेलकट, अक्षर मोत्याचं:
मोठ्या घड्याळाची चावी, तीन वर्षं: सात पौंड सोळा शिलिंग.
चौदावा माणूस म्हणून बसणे, अडीच तास, चावीच्याच दराने: अडीच शिलिंग.
वजा, सामन मासा, एक तुकडा.

बाईंनी दोनदा वाचलं, शेकोटीत टाकलं.
"काय दिवस आलेत! पाहुणचाराचीसुद्धा बिलं!"

घड्याळ त्या गुरुवारी दुपारीच बंद पडलं.
संध्याकाळी आणखी एक तार, आणखी एक अंगठा,
आणि बाई माझ्याकडे बघू लागल्या,
टोपीवरून खाली, सावकाश, माप घेतल्यासारख्या.
"टॅबिथा, तुला मखमल कशी दिसेल गं?"

मी म्हटलं,
"फार ओलावा, बाईसाहेब."