वीतभर

स्कायद्रीते दर रविवारी दलदलीत जाते.
लाटवियातल्या त्या गावात
रविवारी दुसरं काही घडतही नाही.
पुरलेल्या नळीत काठी सोडते,
कोरड्या भागावर वीत लावते,
वहीत लिहिते : दोन विती, चार बोटं.

माझं यंत्र तेच सांगतं सेंटिमीटरमध्ये,
बॅटरी गारठली नाही तर.

हे चर तिच्या नवऱ्यानंच खणलेले,
पीट वाळावं, विकलं जावं म्हणून.
आता ती ते बुजवायला निघालीय
आणि तो जेवताना बोलत नाही.

रीगाहून गुंदार्स आला, मंत्रालयातून,
हातात टक्केवारीचा कागद.
कुठेतरी पाणी मुरतंय,
असा त्याचा चेहरा.
मुरत नव्हतं, हीच तर अडचण.

मग त्याचा पाय गेला. गुडघ्यापर्यंत.
तिनं काखेत धरून ओढला त्याला;
बूट दलदलीनं ठेवून घेतला.
एका पायात नुसता मोजा,
तसाच तो शेवटच्या नळीपर्यंत आला,
काठी स्वतः सोडली,
आकडा स्वतः वाचला,
आणि पुन्हा एकदा वाचला.

नियम यायला तीन हिवाळे गेले.
सतरा पानं. अकराव्यावर एक ओळ :
पाणी जमिनीखाली
एकोणीस सेंटिमीटरच्या आत असावं.
हा अडनिडा आकडा कुठला,
ब्रसेल्समध्ये कुणीतरी विचारलं म्हणे.

मी तिची वीत मोजली होती एकदा.

परवाच्या रविवारी
नवरा फावडं घेऊन आमच्या मागून चालत होता.
बोलला नाही.
चिखलाचा आवाज मात्र
तिघांच्या पावलांचा येत होता.